सगळ्यात वरची ओळ

आमच्या कॉलेजात सर्व्हरच्या खोलीत चपला काढून जातात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, धुळीसाठी असेल. आष्टीत धूळ आहेच, उन्हाळ्यात तर ती भाकरीबरोबर दाताखाली येते. पण आम्ही चपला काढतो त्या सरांमुळे. ज्या सरांनी हा सर्व्हर आणून बसवला ते स्वतः दारात चपला काढायचे, मग आमची काय बिशाद. सर निवृत्त होऊन चौसाळ्याला आपल्या सीताफळांच्या बागेत रमले, तरी त्या दारात चपलांची रांग अजून लागते.

मी आधी सरांची विद्यार्थिनी, मग त्यांची मदतनीस आणि आता त्यांच्या जागेवर. त्यांची खुर्ची मात्र मी भिंतीला लावून ठेवली आणि स्वतःसाठी दुसरी मागवली. माझं माहेर युसूफ वडगावचं. अब्बांचं तिथे मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज आहे. बिघाड सापडेपर्यंत सगळ्यांवर खेकसायचं आणि सापडला की सगळ्यांना चहा पाजायचा, ही अब्बांची रीत. ती मी हुंड्यात आणली असं माझा नवरा म्हणतो.

सर्व्हर म्हणजे युनिक्सवर चालणारं एक जुनं मशीन. पोरं त्यावर प्रोग्रॅम शिकतात. लॅबमध्ये बसून शिकतातच, पण सरांनी आणखी एक सोय केली होती: गावोगावच्या सेवा केंद्रांमधल्या कॉम्प्युटरवरून या मशीनमध्ये दुरून लॉगिन करता येतं. बस चुकली, नदीला पाणी आलं, घरी पाहुणे आले, तरी पोरगं गावातूनच अभ्यास करू शकतं. कुठल्या कॉम्प्युटरला आत घ्यायचं आणि कुठल्याला नाही, हे मशीन दोन फाइली वाचून ठरवतं. एक परवानगीची, एक मनाईची. परवानगीची आधी वाचतं. तिथे काहीच लागू पडलं नाही तर मनाईची. आमच्या मनाईच्या फाइलीत एकच ओळ आहे: सगळ्यांना मनाई.

इतकी कडक ओळ कशाला, असं मी शिकत असताना सरांना विचारलं होतं. सरांनी काही न सांगता लॉग उघडून दाखवला. मशीनचं दार कोण कोण वाजवतं आणि त्याला काय उत्तर मिळालं, याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं, तिला लॉग म्हणतात. पडद्यावर ओळी सरकत होत्या. पत्ते कुठले कुठले, ज्या देशांची नावं मी भूगोलाच्या पेपरपुरती पाठ केली होती तिथले. एक गेला की दुसरा. कुणी माणूस नव्हे, तिकडचीही मशीनंच, पण वाजवत होती आमचंच दार. आष्टीच्या कॉलेजातल्या एका कपाटाएवढ्या खोलीचं दार सगळी दुनिया वाजवते आहे, आणि आत बसलेलं मशीन न कंटाळता, न चिडता, प्रत्येकाला नाही म्हणतं आहे. माझ्या अंगावर काटा आला. सरांनी विचारलं, "कळलं का?" मी मान हलवली. त्या दिवसापासून त्या खोलीत चपला काढायला मला कधी जड गेलं नाही.

आता त्या पोरीचं सांगते. ती शेवटच्या वर्षाला होती. आई-बाप ऊसतोड करणारे, दिवाळी झाली की सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्याला जायचे, उन्हाळ्यात परत यायचे. ती आजीजवळ राहून शिकत होती. त्या वर्षी उसाच्या फडावर गेल्या गेल्या आई मोळ्या भरताना घसरली आणि मनगट मोडून बसली. ऊसतोडीत एका माणसाला काम नसतं. दोघांची जोडी लागते, तिलाच तिकडे कोयता म्हणतात. एक तोडतो, दुसरा पाला साळून मोळी बांधतो. आई कोपीत, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, पडून राहिली आणि जोडी मोडली, म्हणून आईच्या जागी लेक गेली. कॉलेजला सांगायलाही आली नाही, फक्त मला फोन केला.

आमच्या प्रॅक्टिकल परीक्षा ऐन हंगामात येतात. तिला सोडायला ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम तयार नव्हता, बापाला एकट्याने जमत नव्हतं. परीक्षा बुडाली तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर काय, ते तिने मला फोनवर अगदी साध्या आवाजात सांगितलं. बाप वाईट माणूस नव्हता. पण आई आता मोळ्या उचलू शकणार नाही, शिक्षणही बुडालं, मग लेकीचं लग्न लावून पुढच्या हंगामाला तिचाच कोयता करून द्यायचा, असं कोपीत बोलणं चाललं होतं. स्थळही बघून ठेवलं होतं. मी फोन ठेवला आणि इतकी भडकले की लॅबमधल्या निम्म्या पोरांना विनाकारण बोलणी बसली.

प्राचार्यांकडे गेले. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना प्राचार्यांनी फोन लावला. परीक्षक शिस्तीचे, पण माणूस ऐकून घेणारा. त्यांनी अट घातली: पोरीने दुरून लॉगिन करायचं, प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरवर त्यांच्या डोळ्यांदेखत लिहायचा, आणि फोनवर विचारलेल्या प्रश्नांना तोंडी उत्तरं द्यायची. तिची तुकडी उठायच्या आत ती आत आली नाही, तर गैरहजर. आम्ही सगळ्याला हो म्हणालो. दूरच्या लॉगिनची तर आमच्याकडे वर्षानुवर्षांची सवय होती.

आदल्या दिवशी एकदा करून बघायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी तिकडे ट्रॅक्टर चिखलात रुतला आणि तिला फोनला हात लावायलाही मिळाला नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने बापाच्या बटणांच्या फोनवरून मला फोन केला आणि स्वतःच्या मोबाइलवर टर्मिनलचं, म्हणजे मशीनला कमांड लिहून द्यायचं, ॲप उघडून लॉगिन मारलं. लॅपटॉप कुठला असणार? मोबाइलच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला.

"मॅडम, आत घेईना," ती म्हणाली.

पासवर्ड विचारला का, मी विचारलं. नाही म्हणाली, विचारायच्या आतच दार लावलं. बराच वेळ वाट बघायला लावतं की लगेच लावतं? लगेच. हे ऐकून मला उलट बरं वाटलं. रेंजचा घोटाळा असता तर मोबाइल नुसताच ताटकळत बसला असता. पासवर्ड चुकला असता तर निदान विचारला तरी असता. लगेच नकार आला, याचा अर्थ तिची हाक आमच्या दारापर्यंत पोचली होती आणि दारानेच नाही म्हटलं होतं. ऊस तोडायच्या रानातून, तारा नाहीत, खांब नाहीत, तिची हाक दोन राज्यांची वेस ओलांडून त्या कपाटाएवढ्या खोलीत आली, हे सुद्धा मला तेव्हा भलतंच मोठं वाटलं. पण आत यायला हवं होतं.

लॉग उघडला. जगभरच्या टकटकीत तिचा पत्ता शोधायला जरा वेळ गेला. ती दार वाजवत होती तेव्हाच कुठली कुठली मशीनं पण वाजवत होती, आणि आमचं मशीन तिला त्यांच्याच शब्दांत नाकारत होतं. अनोळखी, नाही. अनोळखी, नाही. पोरगी आमची, तीन वर्षं माझ्यासमोरच्या बाकावर बसलेली, आणि मशीनला ती त्या परक्यांतलीच एक. मला मशीनचा राग आला नाही. त्याला कोण काय सांगणार? सांगायचं माझ्याच हातात होतं.

परवानगीच्या फाइलीत शेवटी एक ओळ घातली, तिचा पत्ता लिहिला. ती म्हणाली, न्हाई. लॉग बघते तर पत्ता बदललेला. मोबाइलची रेंज गेली आणि परत आली की कंपनी नवा पत्ता देते, हे मला माहीत होतं, घाईत सुचलं नाही. मग पत्त्याचा सुरुवातीचा तेवढा भाग ठेवला आणि टिंब देऊन बाकीचा सोडून दिला. तशी ओळ लिहिली की त्या आळीतला कुठलाही पत्ता चालतो. ती म्हणाली, न्हाई घेत मॅडम. एव्हाना परीक्षक आले होते, चहा झाला होता, तिची तुकडी आत बसली होती. पोरं खालमानेने टाइप करत होती आणि मधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत होती.

आमचे शेजारच्या विभागातले एक सहकारी मदतीला धावून आले. त्यांचा एकच उपाय असतो, बंद करून चालू करा. मशीन दर टकटकीला फाइल नव्याने वाचतं, त्याला झोपवून उठवायची गरज नसते, असं मी सांगेपर्यंत त्यांनी लॉगिनची सेवा बंद करून चालू केलीसुद्धा. काहीही फरक पडला नाही. मग ते म्हणाले, दोन्ही फाइली रिकाम्या करा की तासाभरासाठी, सगळ्यांनाच येऊ द्या. मी त्यांना लॉग दाखवला. ते वाचत राहिले, वाचत राहिले, आणि मग चष्मा काढून म्हणाले, "हे रोज चालतं?" रोज, मी म्हणाले. सगळ्या पोरांची प्रॅक्टिकलं त्याच मशीनवर चालू होती. एकीसाठी दार सताड उघडून बाकीच्यांचं वर्ष पणाला लावायचा मला हक्क नव्हता. ते गेले आणि माझ्यासाठी चहा पाठवून दिला.

मी परत फोन कानाला लावला. पलीकडे कोयत्यांचा आवाज येत होता, कुणीतरी बैलाला हाक मारत होतं. बाप तिच्याशिवाय एकटाच तोडत असणार. ती म्हणाली, मॅडम, राहू द्या मंग. अगदी शांतपणे म्हणाली. मी तिला दटावलं. परीक्षा संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही, असा दम भरला. मग काहीतरी बोलत राहावं म्हणून मी तिला काय काय केलं ते एकेक सांगायला लागले. तुझी ओळ अशी लिहिली, पत्त्याचा एवढा भाग ठेवला, पुढे टिंब दिलं.

"कुठं लिवली मॅडम?"

"परवानगीच्या फाइलीत. शेवटी."

"कावून शेवटी?"

शेवटी, कारण आम्ही नवीन ओळ शेवटीच लिहितो. ती फाइल सरांनी लिहायला घेतली तेव्हापासून असंच चाललं होतं. वर सरांच्या ओळी, मग कॉलेजच्या, मग गावांच्या, ज्या क्रमाने गावं जोडली गेली त्या क्रमाने. नंतर आलेला खाली. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत आजोबांच्या वर नातवाचं नाव छापत नाहीत. आमच्या घरी जेवणाच्या दस्तरखानावर म्हातारी माणसं हात घालेपर्यंत कुणी घास घेत नाही. सरांच्या ओळीच्या वर आपली ओळ लिहावी, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं, जसं सरांच्या खुर्चीत बसावं हे शिरलं नव्हतं. मशीनला काय त्याचं? मीच वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं: मशीन फाइल वरून खाली वाचतं, आणि जी ओळ आधी लागू पडेल तिथेच थांबतं. खाली काय लिहिलंय ते बघतही नाही. पोरीला ते आठवत होतं. इतक्या लांबून, मोळ्या बांधून बांधून हात सोललेले, आणि माझा धडा तिला माझ्यापेक्षा चांगला आठवत होता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खुर्चीवरून उठून उभी राहिले.

मग मी फाइल वरून वाचली. आयुष्यात पहिल्यांदा, सरांची ओळ आहे म्हणून मान तुकवून पुढे न जाता, खरंच वाचली. सगळ्यात वर सरांनी लिहिलं होतं: ज्याचं नाव आणि पत्ता जुळत नाही, त्याला नकार. परवानगीच्या फाइलीतही अशी नकाराची ओळ लिहिता येते.

आमच्याकडे सोयरीक जमवताना पोराला विचारतात, गाव कुठलं. पण तेवढ्यावर कुणी मुलगी देत नाही. मग त्या गावात जाऊन विचारतात, असा असा पोरगा तुमच्याकडचा आहे का. दोन्हीकडून होकार आला की पुढचं बोलणं. मशीनही तेच करतं. पत्त्याला विचारतं, तुझं नाव काय. पत्त्याने नाव सांगितलं की त्या नावाला उलटं विचारतं, तुझा पत्ता काय. दोन्ही जुळलं तर ठीक, नाही तर खोटं बोलतोयस, चालता हो. आमच्या गावांची नावं आणि पत्ते सरांनी स्वतः नोंदवून ठेवले होते, त्यामुळे ती ओळ त्यांना कधी आडवी आली नाही. मी पोरीचा पत्ता घेऊन स्वतः विचारून बघितलं. पत्त्याने मोबाइल कंपनीचं एक लांबलचक नाव सांगितलं. त्या नावाला उलटं विचारलं, तर असं कुणी नाहीच. एकीकडून हो, दुसरीकडून गप्प.

म्हणजे पहिल्याच ओळीला ती अडत होती. खाली मी कितीही प्रेमाने तिची ओळ लिहिली असती, तरी मशीन तिथवर पोचणारच नव्हतं. आणि अडायचं कारण काय, तर नाव एकीकडचं आणि पत्ता दुसरीकडचा. मी पडद्याकडे बघत राहिले. आमच्या तालुक्यात दिवाळीनंतर गावंच्या गावं अशी असतात. नाव इथलं, पत्ता कुठल्यातरी कारखान्याच्या तळावरचा. सरांनी ती ओळ लुटारूंसाठी लिहिली होती, आणि पहिली अडली ती मोळ्या बांधणारी पोर. परीक्षक घड्याळाकडे बघत होते.

उपाय एका ओळीचा होता. तिची ओळ तळातून उचलायची आणि सगळ्यात वर ठेवायची, सरांच्याही वर. मशीन आधी तीच वाचेल, लागू पडेल, थांबेल. मी कर्सर वर नेला. आणि खरं सांगते, हात पुढे जाईना. वेडेपणा होता, मला कळत होतं. तुझी ओळ सगळ्यात वर ठेवते, एवढं मी फोनवर म्हणाले आणि तिथेच थांबले.

"सरांच्या वर, मॅडम?" ती हळूच म्हणाली.

मी दुसऱ्या फोनवरून सरांना लावला. सर बागेत होते, मागे पाखरं हाकलल्याचा आवाज येत होता. मी भराभरा सगळं सांगितलं. पोर कुठे आहे, काय अडलंय, कुठे लिहायचंय. मला वाटलं, सर नाराज होणार.

"ती वळ म्या अनोळखी मानसासाठी लिवलीती," सर म्हणाले. "ती पोरगी अनोळखी हाय का?"

"नाही सर."

"मंग बसव तिला माझ्या वर. काम झालं की वळ काडून टाक, तेवडं दार उघडं ठिवू नको."

मी सगळ्यात वर एक रिकामी ओळ केली, तिची ओळ तिथे लिहिली, फाइल जतन केली आणि फोनवर म्हणाले, मार. काही क्षण नुसते कोयते ऐकू आले. मग लॉगमध्ये, जगभरच्या नकारांच्या मधोमध, एक ओळ आली. तिचा रोल नंबर, आणि पुढे: स्वीकारलं.

मी आजवर हजारदा ती ओळ बघितली असेल. लॅबमधली पोरं रोज लॉगिन करतात, प्रत्येक वेळी ती येते. पण त्या दिवशी ती बघून मला अजान ऐकताना होतं तसं झालं. सगळं एकदम थांबलं. फोनवर ती म्हणाली, आले मॅडम, आणि वर्गातल्या पोरांना कुणी काही सांगितलं नसताना सगळ्यांच्या माना वर झाल्या.

परीक्षकांनी तिचा पडदा माझ्या मशीनवर बघायला मांडला. एकेक अक्षर उमटत होतं. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करायचं, तेही टर्मिनलमध्ये, जिथे एक टिंब चुकलं तरी सगळं वाया. ती चुकायची, मागे यायची, पुसायची, परत लिहायची. मधेच अक्षरं थांबायची, तेव्हा आमचाही श्वास थांबायचा. मग रेंज यायची आणि साठलेली अक्षरं एकदम ओळीने उमटायची. उसाच्या पात्याने कापलेली बोटं मी बघू शकत नव्हते, पण प्रत्येक अक्षराला ती मला दिसत होती. परीक्षकांनी आधी हाताची घडी घातली होती. थोड्या वेळाने ती सुटली, मग ते पुढे वाकले, मग खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. प्रोग्रॅम चालला. उत्तर बरोबर आलं. त्यांनी फोनवर तिला प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली, मधे एकदा थांबून कुणाला तरी "आले, आले" असं ओरडली. एका प्रश्नाला तिला उत्तर आलं नाही, तर सरळ म्हणाली, येत नाही सर. परीक्षकांनी मान डोलावली, जणू ती समोर बसली होती.

शेवटी त्यांनी विचारलं, तुला काही विचारायचंय का. ती म्हणाली, "जाऊ का सर? गाडी भरायची हाय."

परीक्षक जा म्हणाले. लॉगमध्ये तिच्या बाहेर जाण्याची ओळ आली. मग परीक्षक मला म्हणाले, मॅडम, चहा सांगता का. मी सगळ्या लॅबला चहा सांगितला, अब्बांच्या रीतीने.

सरांच्या सांगण्याप्रमाणे मी तिची ओळ काढून टाकली. सरांची ओळ परत सगळ्यात वर आली. मशीनला काही फरक पडला नाही, ते नाही नाही म्हणत राहिलं. मला मात्र बरेच दिवस ती फाइल ओकीबोकी वाटायची.

हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, ती कॉलेजात आली. पास झाली होती. बरोबर आई होती, मनगटाला अजून फडकं बांधलेलं. लेकीच्या चेहऱ्यावर उन्हाचा काळपट रंग चढला होता आणि हातावर बारीक पांढरे ओरखडे. तिला ती ओळ बघायची होती. मी म्हणाले, ओळ तर काढली गं. तिचं तोंड उतरलं. मग मी म्हणाले, चल, दुसरं दाखवते.

सर्व्हरच्या खोलीच्या दारात आईने न सांगताच चपला काढल्या. मी त्या दिवसाचा लॉग उघडला. तिला शोधायला सांगितलं नाही, ती स्वतःच पुढे झाली, कमांड लिहिली आणि ओळी सरकत सरकत त्या वेळेवर येऊन थांबल्या. आईला वाचता येत नव्हतं. ती पडद्याजवळ डोळे बारीक करून उभी होती.

"ह्यात तू कुठं हाईस?" आईने विचारलं.

तिने बोट ठेवलं.

"आन् ह्ये बाकीचे?"

"भाईरचे हायेत. कुठले कुठले. समदे दार वाजवत्येत."

"त्यांना न्हाई घेतलं?"

"न्हाई."

आईने फडकं बांधलेला हात उचलून त्या ओळीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मशीनचा पंखा चालू होता.

"पुढच्या साली फडावर न्हाई यायचं, त्या स्थळालाबी न्हाई म्हनायचं," आई लेकीला म्हणाली. "फुडं शीक, हितनंच जा आत."